करविवादातील सीमारेषा : अमेरिकेतील ब्रिटिश वसाहती, १७६४ ते १७७४

१

अमेरिकन राज्यक्रांतीच्या कारणपरंपरेत करविवादास अग्रस्थान देण्याची प्रथा जुनी आहे. तथापि ज्या करांवरून हा विवाद माजला त्यांच्या रकमा पाहिल्या म्हणजे अभ्यासकास आश्चर्य वाटल्यावाचून राहत नाही. १७६५ च्या मुद्रांक कायद्यापासून ब्रिटिश मंत्रिमंडळाने वर्षाला सुमारे ६०,००० पौंडांची अपेक्षा धरली होती, तर १७६७ च्या टाउनशेंडच्या जकातींपासून सुमारे ४०,००० पौंडांची. ज्या जकातीच्या निमित्ताने अखेर साम्राज्य दुभंगले ती चहावरील जकात दर रत्तलास अवघी ३ पेन्स होती. इंग्लंडमधील शेतकरी आणि जमीनदार जे कर भरीत होते त्यांच्या मानाने वसाहतींतील करभार हलकाच होता. सारांश, कराच्या ओझ्याने लोक वाकले आणि म्हणून उठले, असे या प्रकरणी म्हणता येत नाही.

विवाद रकमेचा नसून हक्काचा होता, हे उत्तर सर्वपरिचित आहे आणि ते खोटे नाही. परंतु ते अपुरे आहे. कारण हक्काचा हा प्रश्न आरंभी कोणीही सरळ विचारला नव्हता. पार्लमेंटची अधिसत्ता समूळ नाकारावी असे १७६४ साली अमेरिकेतील एकाही जबाबदार पुढाऱ्यास वाटत नव्हते आणि वसाहतींची कायदेमंडळे मोडून टाकावीत असे लंडनमधील एकाही मंत्र्यास वाटत नव्हते. उभयपक्षी इच्छा होती ती एक सीमारेषा आखण्याची : पार्लमेंटचा अधिकार येथपर्यंत आणि वसाहतींचा तेथून पुढे. पुढील दहा वर्षांत अशा रेषा एकामागून एक सुचविल्या गेल्या. अंतर्गत कर आणि बाह्य कर, करआकारणी आणि कायदे करणे, महसूल आणि व्यापार-नियमन, प्रत्यक्ष प्रतिनिधित्व आणि मानीव प्रतिनिधित्व, असे हे भेद होत. तडजोडीसाठी सुचविलेली प्रत्येक रेषा प्रतिपक्षाने, आणि काही वेळा स्वपक्षानेच, पुसून टाकली आणि दर वेळी मूळ प्रश्न अधिक उघडा पडत गेला. प्रस्तुत निबंधात या विवादातील प्रमुख व्यक्तींचा विचार त्यांनी आखलेल्या वा पुसलेल्या रेषांच्या अनुरोधाने केला आहे.

२

सप्तवार्षिक युद्ध १७६३ साली संपले तेव्हा कॅनडा आणि मिसिसिपीच्या पूर्वेकडील विस्तीर्ण प्रदेश ब्रिटनच्या हाती आला. त्याबरोबरच राष्ट्रीय कर्ज सुमारे साडेसात कोटी पौंडांवरून तेरा कोटी पौंडांच्या आसपास गेले. नव्या प्रदेशाच्या बंदोबस्तासाठी अमेरिकेत सुमारे दहा हजार सैनिक ठेवण्याची योजना होती आणि त्यांचा खर्च कोणी द्यावा हा प्रश्न एप्रिल १७६३ मध्ये अधिकारावर आलेल्या जॉर्ज ग्रेनव्हिल याच्यापुढे उभा राहिला. ग्रेनव्हिल हा हिशेबाचा माणूस होता. त्याने दप्तर तपासले तेव्हा अमेरिकेतील जकातखात्याचे वार्षिक उत्पन्न सुमारे दोन हजार पौंड आणि ते खाते चालविण्याचा खर्च सात-आठ हजार पौंड, असा उलटा जमाखर्च त्यास आढळला. १७३३ च्या कायद्याने परकीय मळीवर दर गॅलनला ६ पेन्स जकात बसविली होती. परंतु रम गाळण्यासाठी फ्रेंच बेटांतील मळी आणणारे न्यू इंग्लंडचे व्यापारी ती जकात सहसा भरीतच नसत. अधिकाऱ्यांना थोडेबहुत देऊन माल उतरवून घेण्याचा शिरस्ता पडून गेला होता.

१७६४ च्या साखर कायद्याने ग्रेनव्हिलने ही जकात निम्मी, म्हणजे ३ पेन्स केली. मात्र ती खरोखरच वसूल करण्याची व्यवस्था केली. जकातीचे खटले ज्युरी नसलेल्या नाविक न्यायालयांपुढे चालविण्याची सोय केली. या सर्वांहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे कायद्याच्या प्रास्ताविकात महसूल उभारणे हा हेतू स्पष्ट शब्दांत नमूद केला. यापूर्वीच्या जकाती व्यापाराला वळण लावण्यासाठी होत्या असे तरी म्हणता येत होते. ग्रेनव्हिलच्या प्रास्ताविकाने ती संदिग्धता संपविली. ज्या अस्पष्टतेत साम्राज्याचा कारभार शंभर वर्षे सुखाने चालला होता, ती अस्पष्टता एका नीटनेटक्या कारभाऱ्यास सहन झाली नाही, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

मुद्रांक कराची कल्पना त्याने मार्च १७६४ मध्येच सूचित केली होती आणि प्रत्यक्ष कायदा करण्यापूर्वी वर्षभर अवधी दिला होता. फेब्रुवारी १७६५ मध्ये फ्रँकलिनप्रभृती वसाहतींच्या एजंटांशी त्याची भेट झाली. वसाहतींनी आपापल्या कायदेमंडळांमार्फत पैसा उभारावा, या त्यांच्या सूचनेवर, प्रत्येक वसाहतीचा वाटा किती हे तुम्ही आपसांत ठरवू शकाल काय, असा प्रश्न ग्रेनव्हिलने विचारला. त्यांच्याजवळ उत्तर नव्हते. हा प्रश्न केवळ कोंडीत पकडण्यासाठी विचारलेला नव्हता. तेरा निरनिराळ्या कायदेमंडळांची संमती एकत्र कशी मिळवावी याचे साधनच साम्राज्याच्या घटनेत नव्हते. मार्च १७६५ मध्ये कायदा संमत झाला. वृत्तपत्रे, पंचांगे, न्यायालयीन कागद, गहाणखते, पदवीपत्रे, इतकेच नव्हे तर पत्ते आणि फासे यांवरही मुद्रांक आवश्यक ठरला. योगायोगाने ज्या वर्गास शब्दांची सवय आहे त्या वकील, मुद्रक आणि व्यापारी वर्गासच त्याची झळ प्रथम लागणार होती.

३

वसाहतींच्या बाजूने या प्रश्नाची तात्त्विक मांडणी प्रथम केली ती बॉस्टनचा वकील जेम्स ओटिस याने. फेब्रुवारी १७६१ मध्ये जकात अधिकाऱ्यांच्या सर्वसाधारण झडतीपरवान्यांविरुद्ध त्याने केलेले भाषण प्रसिद्ध आहे. मात्र त्याच्या तोंडी घातले जाणारे प्रतिनिधित्वाविषयीचे घोषवाक्य बऱ्याच नंतरच्या आठवणींवर आधारलेले आहे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. त्याचे खरे प्रतिपादन १७६४ च्या पुस्तिकेत सापडते आणि ते पुढील घटनांच्या दृष्टीने विलक्षण आहे. पार्लमेंट सर्वश्रेष्ठ आहे, तिचा कायदा चुकीचा असला तरी ती स्वतः तो रद्द करीपर्यंत पाळला पाहिजे, असे ओटिस म्हणतो. आणि त्याच पुस्तिकेत, ज्याची संमती नाही त्याच्यावर कर बसविणे हे निसर्गदत्त हक्काविरुद्ध आहे, असेही म्हणतो. अंतर्गत आणि बाह्य करांत भेद करण्यास आधार नाही, हेही त्याने तेव्हाच सांगून टाकले होते. ही विसंगती दूर करण्यासाठी वसाहतींना पार्लमेंटमध्ये प्रतिनिधी द्यावेत असे त्याने सुचविले. या सूचनेस दोन्हीकडे फारसा वाली मिळाला नाही. ऑक्टोबर १७६५ मध्ये न्यूयॉर्क येथे भरलेल्या नऊ वसाहतींच्या परिषदेने तर, अंतरामुळे वसाहतींना पार्लमेंटमध्ये प्रतिनिधित्व मिळणे शक्यच नाही, असा ठराव करून तो मार्ग बंद केला. १७६९ साली एका जकात आयुक्ताशी झालेल्या मारामारीत ओटिसच्या डोक्यास जबर इजा झाली आणि त्यानंतर त्याची बुद्धी कायमची अस्थिर झाली.

व्हर्जिनियात मे १७६५ मध्ये नुकताच निवडून आलेला पॅट्रिक हेन्री याने मांडलेल्या ठरावांचा इतिहास अभ्यासकास सावध करणारा आहे. सभागृहाने पाच ठराव संमत केले, त्यांतील सर्वांत तीव्र ठराव दुसऱ्याच दिवशी मागे घेतला. परंतु अन्य वसाहतींच्या वृत्तपत्रांत सहा किंवा सात ठराव छापले गेले. संमत न झालेल्या ठरावांत, वसाहतीने न लावलेला कर देण्यास लोक बांधलेले नाहीत, असे विधान होते. व्हर्जिनियाने जे केले त्यापेक्षा व्हर्जिनियाने केले असे जे छापले गेले, त्याचा परिणाम मोठा झाला. हेन्रीच्या राजद्रोहविषयक भाषणाचे प्रचलित रूपही १८१७ साली प्रसिद्ध झालेल्या चरित्रातून आलेले आहे. १९२१ साली प्रकाशात आलेल्या एका फ्रेंच प्रवाशाच्या दैनंदिनीत, हेन्रीने सभापतीने हटकताच क्षमा मागून राजनिष्ठा व्यक्त केल्याची नोंद आहे. त्या काळातील विरोधाची सीमा कोठे होती याची कल्पना या नोंदीवरून चांगली येते.

४

ब्रिटिश बाजूचे समर्थन करण्याचे काम ग्रेनव्हिलचा सहकारी आणि मुद्रांक कायद्याचा मसुदाकार टॉमस व्हेटली याने केले. त्याचा युक्तिवाद वरवर पाहता बळकट होता. ब्रिटनमधील दहांपैकी नऊ लोकांस मताधिकार नाही. मँचेस्टर, बर्मिंगहॅम यांसारखी शहरे एकही सभासद निवडीत नाहीत. तरीही ती पार्लमेंटमध्ये प्रतिनिधित्व पावतात, कारण प्रत्येक सभासद हा आपल्या मतदारसंघाचा मुखत्यार नसून अखिल साम्राज्याचा प्रतिनिधी असतो. मग बॉस्टनची स्थिती मँचेस्टरहून निराळी कशी? यालाच मानीव प्रतिनिधित्वाचा सिद्धांत म्हणतात. या सिद्धांताची थट्टा करणे सोपे आहे. परंतु अठराव्या शतकातील इंग्लिश राज्यव्यवस्थेचे ते प्रामाणिक वर्णन होते, हे विसरून चालणार नाही.

या सिद्धांताचे सर्वांत समर्थ खंडन मेरिलँडमधील डॅनिएल डुलेनी याने १७६५ मध्ये केले. इंग्लंडात कायद्याचे शिक्षण घेतलेल्या डुलेनीने मानीव प्रतिनिधित्व हे तत्त्वच अमान्य केले नाही. ते केव्हा खरे ठरते, एवढेच त्याने विचारले. मँचेस्टरच्या मताधिकारहीन विणकरावर जो कर बसतो तोच कर तो मंजूर करणाऱ्या सभासदावर आणि त्याच्या मतदारांवरही बसतो. हितसंबंधांच्या या एकरूपतेमुळे विणकरास संरक्षण मिळते. अमेरिकेबाबत स्थिती नेमकी उलट आहे. तेथे कर लादणारा सभासद स्वतः तो भरीत नाही; एवढेच नव्हे, तर अमेरिकेवर पडलेल्या प्रत्येक पेनीने त्याचा स्वतःचा बोजा हलका होतो. ज्याचा लाभ आपल्या हानीत आहे तो आपला प्रतिनिधी कसा असू शकेल? संपूर्ण करविवादात यापेक्षा अधिक मूलगामी प्रश्न क्वचितच विचारला गेला असेल.

डुलेनीने आपलीही एक रेषा आखली. व्यापाराचे नियमन करताना आनुषंगिक उत्पन्न झाले तर ते वैध. केवळ उत्पन्नासाठी लावलेला कर मात्र अवैध. पार्लमेंटची श्रेष्ठता आणि वसाहतींचे स्वातंत्र्य यांना एकत्र नांदविण्याचा हा मार्ग पुढे डिकिन्सनने अधिक विस्ताराने मांडला.

५

मुद्रांक कायदा १ नोव्हेंबर १७६५ रोजी अंमलात यावयाचा होता. तत्पूर्वीच बहुतेक मुद्रांक अधिकाऱ्यांनी दंग्यांच्या धाकाने राजीनामे दिले. बॉस्टनमध्ये २६ ऑगस्टच्या रात्री नायब गव्हर्नर टॉमस हचिन्सन याचे घर जमावाने उद्ध्वस्त केले आणि त्याने लिहिलेल्या मॅसॅच्युसेट्सच्या इतिहासाचे हस्तलिखित रस्त्यावर चिखलात फेकले. ते बरेचसे परत मिळून पुढे प्रसिद्ध झाले. विशेष हे की खुद्द हचिन्सनने या कायद्याविरुद्ध खाजगीरीत्या मत नोंदविले होते. कायदा अनिष्ट आहे, पण तो करण्याचा अधिकार पार्लमेंटला आहे, ही त्याची भूमिका जमावास कळण्यासारखी नव्हती.

इंग्लंडमध्ये जुलै १७६५ मध्ये ग्रेनव्हिल पायउतार झाला आणि रॉकिंगहॅमचे मंत्रिमंडळ आले. १४ जानेवारी १७६६ रोजी विल्यम पिटने कॉमन्स सभेत कायदा समूळ रद्द करण्याची मागणी केली. कर हा राजसत्तेच्या किंवा विधिनियमाच्या अधिकाराचा भाग नसून ती लोकांची स्वेच्छेने दिलेली देणगी आहे. कॉमन्स सभा इंग्लंडची संपत्ती देऊ शकते. अमेरिकेची संपत्ती देण्याचा तिला काय अधिकार? इतर सर्व बाबतींत मात्र पार्लमेंटची सत्ता अबाधित आहे, असा त्याचा युक्तिवाद होता. ग्रेनव्हिलने तत्काळ उत्तर दिले की अंतर्गत आणि बाह्य करांतील भेद आपणास समजत नाही. भेद नावाचा आहे, परिणाम एकच आहे. गंमत अशी की या एका मुद्द्यावर ग्रेनव्हिल आणि ओटिस यांचे एकमत होते.

१३ फेब्रुवारी १७६६ रोजी बेंजामिन फ्रँकलिनची कॉमन्स सभेपुढे साक्ष झाली. या साक्षीपूर्वीची त्याची वागणूक स्पष्ट नव्हती. कायदा टळत नाही असे पाहून त्याने पेनसिल्व्हेनियाच्या मुद्रांक अधिकाऱ्याच्या जागेसाठी आपल्या एका मित्राचे नाव सुचविले होते. आता मात्र त्याने कुशलतेने सांगितले की अमेरिकनांचा आक्षेप अंतर्गत करांस आहे, सागरी व्यापारावरील जकातींस त्यांनी कधी हरकत घेतलेली नाही. या दोहोंत भेद नाही, असे इंग्लंडात अनेकजण त्यांना पटवू पाहत आहेत. आज त्यांना ते पटत नसले तरी कालांतराने पटण्याचा संभव आहे, अशीही पुस्ती त्याने जोडली. मार्चमध्ये कायदा रद्द झाला. पण त्याच वेळी पार्लमेंटला वसाहतींवर सर्व बाबतींत बंधनकारक कायदे करण्याचा अधिकार आहे, असा घोषणात्मक कायदाही संमत झाला. त्यात करांचा शब्दशः उल्लेख नव्हता. लंडनमध्ये तो उल्लेख अध्याहृत आहे असे मानले गेले आणि अमेरिकेत तो नाही असे समजून आनंदोत्सव झाले.

जुन्या इतिहासकारांचा समज असा होता की वसाहतींनी प्रथम केवळ अंतर्गत कर नाकारले आणि पुढे सोयीनुसार बाह्य करांसही विरोध केला. एडमंड मॉर्गन या अमेरिकन इतिहासकाराने १९४८ नंतरच्या लेखनात कायदेमंडळांचे ठराव तपासून दाखविले की त्यांनी आरंभापासून सर्वच करांना हरकत घेतली होती. त्यांची रेषा कर आणि कायदा यांमधील होती. अंतर्गत आणि बाह्य हा भेद प्रामुख्याने लंडनमधील चर्चेत वावरला. हा निष्कर्ष आज सामान्यतः ग्राह्य धरला जातो. तो ध्यानात घेतला म्हणजे पुढचा प्रमाद अधिक स्पष्ट होतो.

६

तो प्रमाद अर्थमंत्री चार्ल्स टाउनशेंड याचा. १७६७ च्या आरंभी विरोधकांनी जमीनकर पौंडामागे ४ शिलिंगांवरून ३ शिलिंगांवर आणला, त्यामुळे तिजोरीत सुमारे पाच लाख पौंडांची तूट आली. टाउनशेंडच्या काच, शिसे, रंग, कागद आणि चहा यांवरील जकाती ४०,००० पौंड देणार होत्या. म्हणजे तूट भरून काढणे हा त्यांचा खरा उद्देश असूच शकत नव्हता. उद्देश होता तो या उत्पन्नातून गव्हर्नर आणि न्यायाधीश यांचे पगार देण्याचा. गव्हर्नरचा पगार कायदेमंडळाने मंजूर करावा या प्रघातात वसाहतींच्या स्वायत्ततेची किल्ली होती. अंतर्गत आणि बाह्य हा भेद आपल्याला हास्यास्पद वाटतो, तथापि अमेरिकनांस तो प्रिय असेल तर आपण बाह्य कर घेऊ, अशी टाउनशेंडची भूमिका होती. फ्रँकलिनने साक्षीत आखलेली रेषा अशा रीतीने तिच्या विरुद्ध हेतूसाठी वापरली गेली. सप्टेंबर १७६७ मध्ये, जकाती लागू होण्यापूर्वीच, टाउनशेंड मरण पावला.

त्याला उत्तर दिले ते पेनसिल्व्हेनियातील वकील जॉन डिकिन्सन याने. एका शेतकऱ्याची पत्रे या भूमिकेतून त्याने लिहिलेली बारा पत्रे डिसेंबर १७६७ पासून वसाहतींतील बहुतेक सर्व इंग्रजी वृत्तपत्रांत प्रसिद्ध झाली. त्याचे प्रतिपादन सौम्य आणि वकिली शिस्तीचे आहे. पार्लमेंट व्यापाराचे नियमन करू शकते आणि त्यासाठी जकातही लावू शकते. परंतु महसूल हा ज्या जकातीचा हेतू आहे ती जकात म्हणजे करच होय, मग ती बंदरात वसूल होवो वा घरात. रक्कम लहान आहे म्हणून ती द्यावी या म्हणण्यात धोका आहे, कारण लहान रकमेबरोबर पूर्वोदाहरण जाते. संमतीविना ज्यांच्यावर कर लादला जातो ते गुलाम होत, असेही तो सांगतो. त्याच डिकिन्सनच्या मालकीचे गुलाम होते आणि या शब्दाचा तेथे होणारा दुहेरी वापर त्या काळच्या टीकाकारांच्याही नजरेतून सुटलेला नाही.

डिकिन्सनच्या पत्रांची लंडन आवृत्ती फ्रँकलिनने स्वतःच्या प्रस्तावनेसह १७६८ मध्ये काढली. परंतु १३ मार्च १७६८ रोजी मुलास लिहिलेल्या पत्रात त्याने वेगळेच मन उघड केले. नियमनासाठी लावलेली जकात आणि महसुलासाठी लावलेली जकात यांत रेषा कशी ओढावी हे त्यास समजेना. जकात नियमनासाठी आहे की नाही हे ठरविणार पार्लमेंटच असेल तर त्या भेदाचा उपयोग काय? विचार करावा तसे मधले कोणतेही मत टिकत नाही. पार्लमेंटला सर्व कायदे करण्याचा अधिकार आहे किंवा एकही करण्याचा नाही, ही दोन टोकेच काय ती समर्थनीय आहेत आणि दुसऱ्याच्या बाजूस प्रमाणे अधिक आहेत, असे तो लिहितो. मधल्या रेषेचा सर्वांत कुशल पुरस्कर्ता तीन वर्षांपेक्षाही कमी अवधीत या निष्कर्षास आला होता. मात्र हे मत तूर्त खाजगीच राहिले.

७

मॅसॅच्युसेट्समध्ये या वादाची सूत्रे सॅम्युएल ॲडम्सच्या हाती होती. त्याचा जीवनक्रम विरोधाभासाने भरलेला आहे. १७५६ पासून सुमारे नऊ वर्षे तो बॉस्टनचा करवसुली अधिकारी होता आणि वसुलीत ढिलाई केल्यामुळे त्याच्या नावावर मोठी बाकी राहिली होती. त्याचे वडील ज्या भूमि-बँकेत गुंतले होते ती पार्लमेंटच्या कायद्याने १७४१ साली बुडाली. दूरस्थ सत्ता एका कायद्याने घर कसे बसवू शकते हे त्याला पुस्तकातून शिकावे लागले नाही. फेब्रुवारी १७६८ मध्ये कायदेमंडळाने इतर वसाहतींना पाठविलेले परिपत्रक मुख्यतः त्याने लिहिलेले होते. ते मागे घ्यावे असा हुकूम लंडनहून आला तेव्हा सभागृहाने ९२ विरुद्ध १७ मतांनी तो धुडकावला. त्याच वर्षी बॉस्टनमध्ये फौज उतरली. ५ मार्च १७७० रोजी तेथे गोळीबार झाला आणि त्याच दिवशी लंडनमध्ये लॉर्ड नॉर्थने चहाखेरीज इतर जकाती उठविण्याचा प्रस्ताव मांडला. चहावरील जकात ठेवण्याचा निर्णय आदल्या वर्षी मंत्रिमंडळात ५ विरुद्ध ४ अशा एका मताने झाला होता. ती ठेवली ती उत्पन्नापेक्षा हक्काची खूण म्हणून.

या दशकातील सर्वांत महत्त्वाचा वैचारिक प्रसंग मात्र रस्त्यावर घडला नाही. तो ६ जानेवारी १७७३ रोजी मॅसॅच्युसेट्सच्या कायदेमंडळात घडला. आता गव्हर्नर झालेला हचिन्सन हा इतिहासकार होता आणि युक्तिवादाच्या सामर्थ्यावर त्याचा विश्वास होता. आपल्या भाषणात त्याने सांगितले की पार्लमेंटची सर्वोच्च सत्ता आणि वसाहतींचे संपूर्ण स्वातंत्र्य यांच्यामध्ये ओढता येईल अशी एकही रेषा आपणास ठाऊक नाही. एका राज्यात दोन स्वतंत्र विधिमंडळे असू शकत नाहीत. संपूर्ण स्वातंत्र्य कोणासही नको आहे, तेव्हा पार्लमेंटची सत्ता मान्य करण्यावाचून गत्यंतर नाही, असा त्याचा तर्क होता.

सभागृहाच्या वतीने सॅम्युएल ॲडम्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी, जॉन ॲडम्सच्या साहाय्याने, २६ जानेवारीस उत्तर दिले. त्यांनी हचिन्सनचे गृहीत स्वीकारले आणि निष्कर्ष उलटविला. रेषा नसेल तर वसाहती एकतर पार्लमेंटच्या दास आहेत किंवा सर्वस्वी स्वतंत्र आहेत. सनदा देताना दास्य अभिप्रेत असेल असे मानता येत नाही, म्हणून स्वातंत्र्यच अभिप्रेत होते. एका राजाच्या छत्राखाली दोन विधिमंडळे नांदू शकतात. अशी रेषा आखावयाचीच झाली तर ते काम इतके गंभीर आहे की इतर वसाहतींच्या काँग्रेसमधील संमतीवाचून आपण ते करणार नाही, असेही त्यांनी बजावले. लंडनमधील वसाहतमंत्री डार्टमथ यास हे कळले तेव्हा तो हचिन्सनवर नाराज झाला, आणि त्याची नाराजी समजण्यासारखी आहे. जो प्रश्न झाकून ठेवण्यात दोघांचेही हित होते तो राजाच्या अधिकाऱ्यानेच चर्चेस घातला होता.

८

तात्त्विक वाद या टोकास पोचला असता त्याला निमित्त पुरविले ते ईस्ट इंडिया कंपनीने, आणि येथे अमेरिकेच्या या इतिहासाचा हिंदुस्थानशी प्रत्यक्ष संबंध येतो. ज्या १७६५ साली पार्लमेंटने मुद्रांक कायदा केला त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कंपनीने शाह आलमकडून बंगालची दिवाणी मिळविली. १७६७ पासून कंपनीने ब्रिटिश सरकारला वर्षाला चार लाख पौंड द्यावेत असे ठरले. म्हणजे टाउनशेंडच्या जकातींच्या दसपट रक्कम बंगालच्या महसुलाच्या भरवशावर मागितली गेली आणि तिच्याबाबत संमतीचा प्रश्न पार्लमेंटमध्ये कोणी उपस्थित केला नाही. १७७० च्या भीषण दुष्काळाने बंगाल उजाड झाला, लष्करी खर्च वाढत गेला, १७७२ च्या आर्थिक पेचप्रसंगाने कंपनी दिवाळखोरीच्या काठावर आली. लंडनच्या वखारींत त्या वेळी सुमारे पावणेदोन कोटी रत्तल चिनी चहा पडून होता.

मे १७७३ च्या चहा कायद्याने कंपनीस इंग्लंडमधील जकातीची सूट देऊन अमेरिकेत स्वतःच माल पाठविण्याची मुभा दिली. चहा पूर्वीपेक्षा स्वस्त होणार होता. अमेरिकेतील ३ पेन्सांची जकात उठवावी, अशी सूचना सभागृहात झाली होती. नॉर्थने ती मानली नाही. बॉस्टनमध्ये ज्यांच्याकडे माल यावयाचा होता त्यांत हचिन्सनचे दोन मुलगे होते आणि जकातीच्या उत्पन्नातूनच १७७२ पासून हचिन्सनचा पगार दिला जात होता. १६ डिसेंबर १७७३ रोजी ३४० हून अधिक पेट्या समुद्रात गेल्या. तत्पूर्वी नोव्हेंबरमध्ये ‘रस्टिकस’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या आणि डिकिन्सनच्या मानल्या जाणाऱ्या पत्रात कंपनीने आशियात युद्धे, मक्तेदारी आणि लूट यांनी काय केले व दुष्काळात किती माणसे मेली याचे स्मरण वाचकांना दिले होते. बंगालचा रयत अमेरिकेच्या वादात असा उदाहरणापुरता आला. त्याच्या संमतीचा विचार त्या पत्रातही मुख्य नव्हता.

१९ एप्रिल १७७४ रोजी एडमंड बर्कने चहावरील जकात उठविण्याच्या बाजूने भाषण केले. हक्काचे तर्क पंडितांच्या शाळांना सोपवा, जुन्या वहिवाटीकडे परत चला, असा त्याचा आशय होता. रेषा आखण्याचा आग्रहच नाशकारक आहे, हे ज्यांनी ओळखले त्यांत बर्क अग्रगण्य होय. परंतु तोवर पार्लमेंटने बॉस्टन बंदर बंद करण्याचा कायदा संमत केला होता. मॅसॅच्युसेट्सची सनद बदलणारा कायदाही मागोमाग आला. हे कर नव्हते, केवळ कायदे होते. कर आणि कायदा ही वसाहतींची स्वतःची रेषाही त्यामुळे निरुपयोगी ठरली. कर नाकारून कायदे मान्य करणारास आता आपले कायदेमंडळच गमवावे लागत होते.

९

सप्टेंबर १७७४ मध्ये भरलेल्या पहिल्या खंडीय काँग्रेसने बाह्य व्यापाराचे नियमन आपण खुशीने मान्य करू, मात्र अंतर्गत वा बाह्य कराची कल्पना त्यात असू नये, असा ठराव केला. शब्द जुनेच होते, अर्थ पालटला होता. नियमन आता पार्लमेंटच्या अधिकाराने नव्हे, तर वसाहतींच्या संमतीने चालणार होते.

या विवादातील व्यक्तींचे पुढील आयुष्य पाहिले तर एक गोष्ट नजरेत भरते. ज्यांनी रेषा अधिकाधिक काळजीपूर्वक आखल्या त्यांचीच पुढे कुचंबणा झाली. मानीव प्रतिनिधित्वाचे खंडन करणारा डुलेनी क्रांतीपासून अलिप्त राहिला. डिकिन्सनने १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही केली नाही, जरी त्याने पुढे वसाहतींच्या बाजूने शस्त्र धरले. हचिन्सन १७८० साली लंडनमध्ये परागंदा स्थितीत मरण पावला. उलट रेषेचा नाद सोडलेले फ्रँकलिन आणि सॅम्युएल ॲडम्स हे जाहीरनाम्याचे स्वाक्षरीकर्ते झाले. यावरून पहिले लोक दुर्बळ आणि दुसरे द्रष्टे असा निवाडा करणे सोपे आहे, पण तो न्याय्य होणार नाही. अविभाज्य सार्वभौमत्वाची कल्पना त्या काळी सर्वमान्य होती. सत्ता विभागून दोन ठिकाणी ठेवता येते हे मांडण्याचा प्रयत्न डुलेनी आणि डिकिन्सन करीत होते आणि अमेरिकेच्या १७८७ च्या संघराज्यीय घटनेला अखेर याच प्रश्नाचे उत्तर शोधावे लागले. त्या घटनेच्या परिषदेत डिकिन्सन डेलावेअरचा प्रतिनिधी म्हणून उपस्थित होता.

१७७८ च्या आरंभी लॉर्ड नॉर्थच्या सरकारने एक कायदा केला. यापुढे पार्लमेंट अमेरिकन वसाहतींवर महसुलासाठी कोणताही कर बसविणार नाही. केवळ व्यापार-नियमनासाठी आवश्यक त्या जकाती लावील आणि त्यांचे निव्वळ उत्पन्नही त्या त्या वसाहतीच्याच उपयोगास देईल, असे त्यात नमूद होते. डुलेनीने १७६५ मध्ये आणि डिकिन्सनने १७६७-६८ मध्ये आखलेली रेषा पार्लमेंटने अशा रीतीने मान्य केली. हा कायदा घेऊन आयोग अमेरिकेस निघण्यापूर्वीच, ६ फेब्रुवारी १७७८ रोजी, फ्रँकलिनने पॅरिसमध्ये फ्रान्सबरोबरच्या तहावर सही केली होती.